पाकिटातल्या वस्तू

वर्षातून एकदा मी इतिहासाच्या तासाला एक जुनं पाकीट घेऊन जाते. त्यात बसचं तिकीट, चष्म्याची पावती, एक किल्ली आणि अर्धं फाटलेलं पत्र असतं. मुलांना एवढंच सांगते, हे ज्याचं आहे तो आता हयात नाही. तो कोण होता, ते तुम्ही शोधा.

ही कल्पना माझी नव्हे. १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला १३ ते १६ वयाच्या मुलांसाठी इतिहासाचा एक प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या घटकात राजे नव्हते, लढाया नव्हत्या. होत्या त्या मार्क पुलन नावाच्या कल्पित मृत तरुणाच्या पाकिटातल्या वस्तू. पुराव्यावरून भूतकाळ उभा करणं मुलांनाही जमतं, हा त्यामागचा विश्वास.

मी स्वतः 'कारणे द्या'वर वाढले. चार कारणं, तीही पुस्तकातल्याच क्रमाने. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी तसंच शिकवलंही. मग पहिल्यांदा पाकीट नेलं तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "बाई, पत्र त्यानेच लिहिलंय कशावरून? त्याला आलेलंही असेल." वर्ग गप्प झाला आणि मग जो वाद पेटला, तो तास संपल्याची घंटा झाली तरी थांबेना. त्या वर्षी दोन धडे मागे पडले, शाळेत मला बोलणी खावी लागली. तरी त्या एका प्रश्नासाठी मी आणखी दोन धडे सोडले असते.

म्हणूनच अभ्यासक्रमावरची भांडणं वाचताना जीव तुटतो. अमेरिकेत १९९४ मध्ये इतिहासाची राष्ट्रीय मानकं तयार झाली. कोणाचं नाव किती वेळा आलं, गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन जास्त आणि यादवी युद्धातला सेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ग्रँट कमी का, यावरून गदारोळ उठला. जानेवारी १९९५ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी ती नाकारली. त्याच मानकांत ऐतिहासिक विचार कसा करायचा, यावर अख्खा भाग होता. त्यावर क्वचितच कोणी बोललं.

नावं महत्त्वाची नाहीत, असं मी म्हणत नाही. जपानमध्ये साबुरो इएनागा या इतिहासकाराने पाठ्यपुस्तकांच्या सरकारी तपासणीविरुद्ध १९६५ मध्ये पहिला दावा लावला. शेवटच्या दाव्याचा निकाल १९९७ मध्ये लागला. युद्धकाळात माणसांवर जीवघेणे प्रयोग करणाऱ्या जपानी लष्कराच्या युनिट ७३१ या तुकडीबद्दलचा मजकूर काढायला लावणं बेकायदा होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तपासणीची पद्धत मात्र कायम राहिली. पुस्तकातून एक पान गेलं, की मुलांच्या हातातला पुरावाच जातो.

पण पान असूनही प्रश्नपत्रिका जुनीच राहिली, तर मुलं ते पाठ करून मोकळी होतात. म्हणून यंदा मी शेवटचा प्रश्न बदललाय. एकाच घटनेचे दोन परस्परविरोधी वृत्तांत दिलेत. कोणावर विश्वास ठेवाल आणि का? पाच गुण, त्यातले चार 'का'ला.