लेबल हरवलेले स्नोड्रॉप: आधी पात, मग फूल

स्नोड्रॉप म्हणजे थंडीत फुलणारं, कंदातून येणारं छोटं पांढरं फूल; त्याच्या वाणांचा संग्रह जुना झाला की लेबलं हरवतातच. मार्करची शाई दोन-तीन हंगामांत उडते, पक्षी पाट्या उपटतात, झुबके वाढून एकमेकांत शिरतात. मग फुलं आली की प्रत्येक जण खाली वाकून आतल्या पाकळीवरची हिरवी खूण बघतो आणि तिच्यावरून नाव ठरवतो. नेमकी इथेच गडबड होते. ही खूण सगळ्यांत आधी नजरेत भरते खरी, पण नवख्या कंदावर, नुकत्याच हलवलेल्या कंदावर किंवा हंगामातल्या दुसऱ्या फुलावर ती अर्धवट उमटते. म्हणून सुरुवात पातीपासून करावी.

बुंध्याजवळची माती बोटाने बाजूला सारा आणि दोन्ही पाती जमिनीतून कशा निघतात ते पाहा. इथे तीन प्रकार दिसतात आणि त्यांवरून स्नोड्रॉपची (शास्त्रीय नाव गॅलँथस) मूळ जात कळते. दोन्ही पाती सपाट, एकमेकींना चिकटून असतील तर गॅलँथस निव्हॅलिसचा वंश. सपाट असूनही कडा बाहेरच्या अंगाला दुमडलेल्या असतील तर प्लिकॅटस. एक पात दुसरीला कवेत घेऊन गुंडाळलेली असेल तर एल्वेसी किंवा वोरोनोवी. वरून नीट कळत नसेल तर झुबक्यातल्या एका जादा रोपाची पाती जमिनीलगत धारदार पात्याने आडवी कापा; काप पाहिला की शंका उरत नाही. बागेतले बरेच नामांकित वाण संकरित आहेत. त्यांच्यात एकाच कडेला दुमड असणं, किंवा फक्त बुडाशी दुमड असून पुढे पात सपाट होणं, असं अधलंमधलं रूप दिसतं. ती दुमड म्हणजे प्लिकॅटसचा अंश, तेव्हा नोंदीत ती अवश्य लिहा.

त्यानंतर पातीचा रंग. एल्वेसीची पात रुंद आणि निळसर राखाडी, निव्हॅलिसची अरुंद आणि तशाच झाकेची, वोरोनोवीची मात्र चकचकीत हिरवी. वोरोनोवी बरीच वर्षं इकारिए या नावाने विकली गेली, त्यामुळे जुन्या पाटीवर इकारिए दिसलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. खऱ्या इकारिएची पात चमकत नाही आणि आतल्या पाकळीवरची खूण निम्म्या भागापर्यंत पसरते. वोरोनोवीची खूण पाकळीच्या टोकाच्या खाचेजवळ छोटीशी असते. पातीची रुंदी फूल पूर्ण उमललेलं असतानाच मोजा, कारण फुलानंतर पाती वाढतच राहतात आणि महिनाभरानंतरचं माप तुलनेला निरुपयोगी ठरतं.

आता फूल. झुबक्यातली किमान तीन चांगली वाढलेली फुलं घ्या, एकावर निर्णय नको. थंडीत मिटलेलं फूल उबदार खोलीत थोड्याच वेळात उघडतं. आतली एक पाकळी सोडवून गडद कागदावर सपाट ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि फोटो काढा. पांढऱ्या कागदावर पाकळीची कड हरवते. बाहेरची आणि आतली अशा दोन्ही बाजू टिपा. टोकाच्या खाचेची खोली, खुणेचा आकार, ती बुडाकडे किती सरकते, बाहेरच्या पाकळीची लांबी, अंडाशयाचा (पाकळ्यांच्या वरच्या फुगीर गाठीचा) रंग आणि फुलाच्या बारीक देठाची लांबी, एवढं सगळं लिहा. हा देठ फार बोलका असतो. ‘मॅग्नेट’ त्याच्या लांब, नाजूक देठामुळेच ओळखू येतो. जरा वारा आला की फूल डोलतं.

एल्वेसीत टोकाशी एक आणि बुडाशी एक अशा दोन खुणा असतात, कधी त्या जुळून फुलीसारख्या होतात. पण मोनोस्टिक्टस या रूपात एकच खूण असते आणि तिथे पुष्कळ जण निव्हॅलिस म्हणून मोकळे होतात. गुंडाळलेली रुंद पात पाहिली असती तर ही चूक झाली नसती.

पिवळ्या वाणांतही पातच वाट दाखवते. पिवळं अंडाशय आणि दुमडलेल्या कडा असतील तर ‘वेंडीज गोल्ड’सारखा प्लिकॅटस, अरुंद सपाट पात असेल तर निव्हॅलिसचा सँडर्सी गट. दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांची, पिवळी ‘लेडी एल्फिन्स्टन’ हलवल्यावर काही वर्षं हिरवी फुलते. हिरवं फूल दिसलं म्हणून तिला लगेच बाद करू नये.

काही वाणांची सवयच त्यांची ओळख असते. ‘स्ट्रॅफन’चा मोठा कंद आधी एक दांडा देतो, तो ओसरत असताना दुसरा. ‘एस. आर्नॉट’ला उन्हात मधासारखा वास येतो. ‘शार्लोकी’त फुलावरचं आवरण दोन भागांत चिरलेलं असतं, गाढवाच्या कानांसारखं. ‘अ‍ॅटकिन्सी’ समजून ठेवलेल्या झुबक्यात वेडीवाकडी किंवा जादा पाकळ्यांची फुलं वारंवार येत असतील, तर तो बहुधा ‘जेम्स बॅकहाउस’ असतो. इंग्लंडमधल्या ग्रेटोरेक्स यांनी तयार केलेल्या दुहेरी वाणांत मात्र (‘हिप्पोलिटा’, ‘डेस्डेमोना’ वगैरे) मी नाव सांगायचा आग्रह धरत नाही. ते दिसायला फार जवळचे आहेत आणि देवाणघेवाणीत त्यांची नावं पूर्वीच मिसळली आहेत.

फुलण्याची तारीख एकटी कामाची नाही, हवामानानुसार ती दर वर्षी पुढेमागे सरकते. क्रम मात्र बराच टिकतो. नाव पक्कं ठाऊक असलेल्या वाणाच्या आधी की नंतर, एवढं लिहून ठेवा.

झुबक्याच्या कडेला एखादं वेगळं फूल दिसलं तर ते बहुतेक बियांतून उगवलेलं रोप असतं. मुंग्या बिया वाहून नेतात, त्यामुळे अशी रोपं भलतीकडेही उगवतात. फूल असतानाच त्याला दोरा बांधा आणि वेगळं काढा. नाहीतर पुढच्या विभागणीत ते मूळ वाणाच्या नावाने लोकांकडे जाईल. पातीवर पिवळट पट्टे आणि वाकडी वाढ दिसली तर तो वेगळा वाण नाही, विषाणू असण्याची शक्यता मोठी. असा कंद संग्रहातून काढून नष्ट करावा.

एवढं करूनही उरतो तो अंदाजच. दोन हजारांहून अधिक वाणांना नावं दिली गेली आहेत आणि त्यांतले कित्येक एकमेकांपासून केसभरच वेगळे. म्हणून पाटीवर आधी क्रमांक लिहा, नाव नंतर, तेही प्रश्नचिन्हासह. संशयित वाणाचा खात्रीचा कंद मिळवून शेजारी त्याच मातीत लावा आणि दोन हंगाम तुलना करा. तोवर तो कंद कुणाला नावाने देऊ नका.

फुलं ओसरल्यावर, पाती हिरव्या असतानाच झुबका उचला. कंद जाळीच्या कुंडीत ८ ते १० सेंटीमीटर खोल लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून एक पट्टी वर खोचा, दुसरी कंदांसोबत कुंडीत पुरा आणि वाफ्याच्या नकाशावर तोच क्रमांक टाका.