रामटेक: गाडीनं वर जाऊ नका, पण माझ्यासारखे भर दुपारीही चढू नका

"अंबाळा तलावावरून वीस मिनिटांत रामटेकच्या गडावर," असं ऑफिसातल्या एका रामटेककरानं छातीठोक सांगितलं होतं. ते स्वतः शेवटचे कधी चढले होते, हे विचारायचं माझं राहिलं.

मार्चचा शेवटचा रविवार. नागपुरातल्या गणेशपेठच्या स्टँडवरून एसटीनं पन्नासेक किलोमीटर, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रामटेकला उतरल्यावर मात्र खिशाला चाट बसली. अंबाळ्यापर्यंत ऑटोवाल्यानं दोनशे घेतले, येताना दुसऱ्यानं त्याच वाटेचे साठ. आधी भाव ठरवा. "थेट वर सोडतो" म्हणाला तर ऐकू नका.

कारण गाडीनं गेलात की पार्किंगमध्ये उतरायचं आणि देवळात शिरायचं, मधली टेकडी गायब. बांधणाऱ्यांनी सुरुवात पाण्यापासून केली आहे. डोंगराच्या कुशीत तलाव, काठावर घाट आणि लहान देवळं, आणि तिथूनच पायऱ्या वर निघतात.

याच पायऱ्यांनी माझा जीव काढला. काही दगड पुढं कललेले, काहींच्या कडा गुळगुळीत झालेल्या, सावली औषधालाही नाही. बारा वाजता दगडाला हात टेकला आणि चटका बसून मागं घेतला. वरून उतरणारे एक आजोबा थांबले. "येवढ्या उन्हात काहून चढून राह्यले भाऊ? सकाळी यावं न!" मला पन्नास मिनिटं लागली. थांबत थांबत, हो. सकाळी सातच्या आत पायथ्याशी असा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या. नाहीतर ऑक्टोबरनंतर या.

वर पोचल्यावर मात्र शिव्या विसरलो. दक्षिणेला आणि पश्चिमेला कडाच आहे, तिथं तटाचं काम डोंगरानंच केलंय. उत्तरेची बाजू उघडी, म्हणून तिथं दुहेरी भिंत. वराह, सिंगपूर, भैरव, गोकुळ असे एकामागून एक दरवाजे लागतात.

राममंदिराच्या गर्दीत सगळा वेळ घालवू नका. केवल नरसिंहाचं देऊळ बघा. पाचव्या शतकातलं, वाकाटकांचं, म्हणजे राणी प्रभावतीगुप्ताच्या घराण्याचं. ठेंगणं, जाड भिंतींचं, नक्षी जवळजवळ नाहीच. आत शिरलो आणि घाम थंड झाला. समोर लाल दगडाचा अगडबंब नरसिंह निवांत बसलेला. गडावरची सगळ्यात शहाणी इमारत हीच, माझं मत.

गडावर वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून सरपटत पार झाला तो निष्पाप म्हणतात. मी अर्ध्यात अडकलो. पापापेक्षा तर्री-पोह्यांचा दोष जास्त.

जवळच्या खिंडसी तलावावर बोटीत बसलो, बरं वाटलं.

एक राहिलं. वानरांसमोर पिशवी उघडू नका. माझी सहा संत्री गेली, आणि साहेबांनी ती तटावर बसून माझ्यासमोर सोलून खाल्ली.