आकडा बरोबर होता

ऑगस्टात मॉरिशसला हिवाळा असतो. आग्नेयेचा वारा एकदा जोर धरून बसला की पूर्व किनाऱ्यावरच्या बोटींचं काही खरं नसतं. त्या रविवारी सकाळी सातला बोटवाल्याचा फोन आला, आज नाही जमणार. माझे 34 पाहुणे पोहायचे कपडे घालून नाश्त्याला बसलेले.

मी त्यांना साव्हानला नेलं. दक्षिणेचा हा जिल्हा आमच्या कार्यक्रमात गंगातलाव या पवित्र तळ्यापुरताच असतो. 108 फुटी शंकर, ग्रुप फोटो, बस माघारी. खाली काही नाही, असं आमच्या ऑफिसचं ठाम मत, आणि ऑफिसातलं कोणीही खाली गेलेलं नाही. खाली ऊस आहे, काळा पत्थर आहे, सूयाक नावाचं झोपाळू गाव आहे आणि त्याच्या टोकाला ग्री-ग्री हा किनारा. या बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचा बांध आहे, म्हणून तर जाहिरातीतलं ते बशीत ओतल्यासारखं निळं पाणी. ग्री-ग्रीला तो बांध तुटलाय. लाट थेट कड्यावर येऊन आपटते. पाण्यात उतरू नका अशा पाट्या आहेत. मालवणच्या एका काकांनी पाटी न वाचताच समुद्राकडे बघून मान हलवली.

आता मोजणीबद्दल. नवीन पोरं बोट दाखवून डोकी मोजतात. पाहुण्यांना ते आवडत नाही, आणि मधेच कोणी 'वायफाय आहे का हो?' विचारलं की आकडा गेला. 'शेजारचा आला का?' हे तर कधीच विचारू नये, लोक न बघताच हो म्हणतात. मी रिकाम्या सीट मोजतो. बस 37 सीटची, पॅक्स म्हणजे प्रवासी 34, तीन सीट रिकाम्या दिसल्या की निघायचं. ही युक्ती मी दोन पोरांना शिकवलीय, जरा मिरवतच.

ग्री-ग्रीला अचानक आडवा पाऊस आला. सगळे धावले. मी दारात उभा राहून आत नजर टाकली. एक, दोन, तीन रिकाम्या. चला.

रस्ता समुद्राला धरून जातो. सुरिनाम, रियाम्बेल, बेल ऑम्ब्र. अंताक्षरी सुरू झाली. अर्ध्या तासाने माकोंदेला थांबलो. तिथे रस्ता खडकाला वळसा घालतो आणि वर जायला पायऱ्या आहेत. मी कोण खाली उतरायचं राहिलंय ते बघायला मागे गेलो, तर खिडकीशी डोक्यावर पदर घेऊन एक म्हातारी झोपलेली. हाताला नारळाच्या तेलाचा वास. पायात साध्या रबरी चपला.

ती आमची नव्हती.

पोटात गोळा आला म्हणतात तो नेमका कुठे येतो ते मला तेव्हा कळलं. कारण ती सीट डोंबिवलीच्या काकूंची होती. वय 74, एकट्या, कानाने जरा कमी. एसीवरून रूम पार्टनरशी वाजलं म्हणून त्या मागे जाऊन बसल्या होत्या, त्यामुळे त्या दिसत नाहीत हे कोणालाच जाणवलं नाही.

"आजी, तुम्ही कुठल्या?"

"मी झोपले," त्या म्हणाल्या. मराठीत. एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. "गाणी मराठी. मला वाटलं, दुसरी बस आमचीच."

त्यांचं मंडळ दोन बस करून सहलीला आलेलं. उसाच्या मळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात कराराने नेलेल्या कोकणी माणसांची ही पणतवंडं. घरात तिथली क्रिओल भाषा बोलतात, पण गणेश चतुर्थीला तिथे अख्ख्या देशाला सुट्टी असते. त्या म्हणाल्या, "आमचं रत्नागिरी. मी पाहिली नाही."

एवढ्यात आमच्या ड्रायव्हरचा फोन वाजला आणि तो "आयो!" म्हणून कपाळाला हात लावून हसायला लागला. काकू त्यांच्या बसमध्ये होत्या. त्या बसने ग्री-ग्री सोडलंच नव्हतं, कारण त्यांनी आकडा मोजला नव्हता. आजी नाही, एवढंच त्यांना बसल्या बसल्या दिसलं होतं. काकूंच्या गळ्यातल्या कार्डावर मुंबईच्या ऑफिसचा नंबर, तो रविवारी कोण उचलणार? तिथला नंबर छापा म्हणून मी दोनदा मेल केलीय. शेवटी त्यांच्या ड्रायव्हरने आमची बस आठवून ओळखीतून नंबर काढला. तिथले ड्रायव्हर सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात.

रियाम्बेलच्या किनाऱ्यावर अदलाबदल झाली. मी माफीचं भाषण मनात तयार करून उतरलो, पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. काकूंच्या एका हातात दालपुरी, दुसऱ्या हातात डाळीचे तिखट वडे, आणि बसमध्ये कोकणातल्या जाखडी नाचाची गाणी चाललेली. मी म्हटलं, "काकू, बसमध्ये चढताना बघायचं नाही का?" आवाज चढलाच माझा. त्या वड्याचा तुकडा मोडत म्हणाल्या, "तू बघितलंस का?"

आजींनी उतरताना माझ्या हातावर हात ठेवला, काही बोलल्या नाहीत. मग आपल्या बसमध्ये चढून आधी काकूंना खिडकीतून टाटा केला.

अभिप्रायाच्या फॉर्मवर एका गृहस्थांनी लिहिलं, 'दीड तास विनाकारण वाया.' तेही खरंच. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये रकाने तीन: प्रवासी हरवला, प्रवासी जखमी, सामान गहाळ. काकूंना हरवलेल्या म्हणावं तर त्या तासभर नातेवाइकांत बसल्यासारख्या होत्या. तिन्ही रकाने मोकळे सोडले. खाली 'ग्री-ग्रीहून निघताना बसमधील संख्या' असं होतं. तिथे मी 34 लिहिलं.