हॅवलॉकची नाइट डाइव्ह आणि टॉर्चचा हिशेब

अंदमानात घड्याळ मुंबईचं आणि सूर्य पार पूर्वेचा. डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच तो बुडतो, त्यामुळे ‘नाइट डाइव्ह’साठी, म्हणजे अंधारात टॉर्च घेऊन करायच्या स्कूबा डाइव्हसाठी, आपण चक्क चहाच्या वेळी निघतो. हॅवलॉक बेट २०१८ पासून कागदोपत्री स्वराज द्वीप आहे, पण फेरीबोटीवर आणि डाइव्ह सेंटरवर सगळे हॅवलॉकच म्हणतात. आमची डाइव्ह लाइटहाउस नावाच्या साइटवर होती. नुसता ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न करता इन्स्ट्रक्टरचा हात धरून एकदा उतरणं, करणाऱ्यांना रात्री नेत नाहीत. किमान ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालेला हवा, आणि पुढचा ॲडव्हान्स्ड करत असाल तर नाइट डाइव्ह त्यातच धरली जाते.

आम्ही सगळे मालवणजवळच्या तारकर्लीला शिकलेले. टॉर्च घेताना डोक्यात तिथलंच पाणी होतं, आणि मला वाटतं खरेदीची सुरुवात तिथूनच व्हावी: तुम्ही कुठल्या पाण्यात उतरणार? मालवणात पाच-सात मीटर दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. बोटवाला किनाऱ्यावरच सांगून टाकतो, “पानी आज गढूळ आसा.” अशा पाण्यात रुंद झोताचा टॉर्च लावणं म्हणजे आंबोली घाटातल्या धुक्यात अप्पर मारणं. प्रकाश गाळाच्या कणांवर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. तिथे दहा-बारा अंशांचा अरुंद झोत लागतो. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात रुंद झोत चालतो, पण शंभर-एकशेवीस अंशांचे दिवे खरे व्हिडिओवाल्यांसाठी. नुसतं बघायला आणि बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, खुणा करायला अरुंदच बरा. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा भल्यामोठ्या अक्षरांत आणि झोताचा कोन कोपऱ्यात बारीक छापलेला असतो. वाचताना क्रम उलटा ठेवा.

लुमेनचं वेड तर फारच. आमच्यातल्या एकाने ऑनलाइन ‘१०,००० लुमेन’वाला स्वस्त टॉर्च आणला होता. कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्याच डाइव्हमध्ये काचेच्या आत पाण्याची रेषा दिसायला लागली. त्याच्यावर आयपीएक्स ८ हे जलरोधकतेचं रेटिंग लिहिलेलं होतं, पण ते पुरेसं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की बनवणाऱ्याने सांगितलेल्या खोलीवर, सांगितलेल्या वेळापुरता तो टिकतो, आणि ती खोली दोन मीटरही असू शकते. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. म्हणून साठ किंवा शंभर मीटर असं स्पष्ट रेटिंग असलेलाच डाइव्ह टॉर्च घ्या. नाइट डाइव्हला सातशे ते हजार खरे लुमेन भरपूर झाले. त्याहून प्रखर दिव्याने मासे पळतात आणि अंधाराला सरावलेली आपली नजर जाते ती वेगळीच.

दिवसाही टॉर्च न्यावा असं माझं ठाम मत आहे. पाणी आधी लाल रंग गिळतं. पाचेक मीटरनंतर तो जवळपास संपतोच, आणि पंधरा मीटरवर लालभडक समुद्रपंखा (पंख्यासारखं प्रवाळ) राखी-तपकिरी दिसतो. टॉर्च मारला की तोच पेटल्यासारखा लाल होतो. मात्र टॉर्चच्या प्रकाशालाही जाताना आणि परतताना पाण्यातूनच यावं लागतं, म्हणून दोन-तीन मीटरवरून रंग उमटत नाहीत. जवळ जा, फक्त प्रवाळाला हात किंवा फिन लावू नका.

रात्री लाइटहाउसला कपारीत पॅरटफिश झोपलेले होते, एकाने अंगाभोवती चिकट पातळ कोष विणलेला. कोळंब्यांचे डोळे ठिणग्यांसारखे चमकत होते. लायनफिश मात्र भलताच हुशार. तो आपल्या झोतामागोमाग येतो आणि उजेडात सापडलेला छोटा मासा मटकावतो. कुठल्याही झोपलेल्या माशावर झोत रोखून ठेवू नका, नाहीतर त्या शिकारीत तुमचाही हात. मध्येच इन्स्ट्रक्टरने सगळ्यांना टॉर्च छातीशी दाबायला लावले. हात हलवला की पाण्यात स्वतः चमकणाऱ्या सूक्ष्म जीवांचे निळसर ठिपके उडत होते. झोत दाबण्याऐवजी टॉर्च बंदच करायचा म्हटलं, की बटणाचा प्रश्न येतो. डोकं पिळून चालू-बंद होणारा टॉर्च खाली पुन्हा पुन्हा पिळला तर पाणी आत शिरायची भीती. म्हणून चुंबकीय सरकतं किंवा साधं दाबायचं बटण घ्या, आणि ते हातमोज्यातूनही लागतंय का ते दुकानातच बघा.

खुणा उतरण्याआधी बोटीवरच ठरवा. झोताने सावकाश गोल काढला की ‘ठीक आहे’, जोरजोरात आडवा हलवला की ‘गडबड आहे’. हाताची खूण करायची तर झोत स्वतःच्या हातावर पाडा, बडीच्या तोंडावर कधीही नाही. प्रत्येकाकडे दुसरा छोटा टॉर्च हवाच. मुख्य बंद पडला तर बॅकअप वर येण्यासाठी आहे, डाइव्ह पुढे रेटण्यासाठी नाही.

सेलबद्दल थोडं. १८६५० या मापाच्या रिचार्जेबल लिथियम सेलवर ‘९९०० एमएएच’ अशी क्षमता लिहिलेली असेल तर तो खुशाल खोटा समजा. चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० च्या आसपास असते. सुटे लिथियम सेल विमानात केबिन बॅगेतच न्यायचे, टोकांना चिकटपट्टी लावून किंवा प्लॅस्टिकच्या डबीत. टॉर्चमधला सेलही काढून ठेवा, कारण बॅगेत चुकून चालू झाला तर तो तापतो. पाण्याबाहेर फार वेळ जाळू नये तेही म्हणूनच. विमान कंपनीला आधी विचारलेलं बरं. हॅवलॉकला वीज मधूनमधून जाते, तेव्हा दुपारच्या जेवणाआधीच सेल चार्जिंगला लावा.

डाइव्हनंतर टॉर्च बंद अवस्थेतच गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, पुसून कोरडा झाल्यावरच उघडायचा. ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, वाळूचा कण किंवा केस अडकला नाही ना ते बोटाने चाचपा, आणि सिलिकॉन ग्रीस अगदी नखाएवढं लावा.

परतीच्या विमानाआधी किमान अठरा तास डाइव्ह नको. म्हणून नाइट डाइव्ह शेवटच्या संध्याकाळी ठेवू नका. समुद्र खवळला की फेऱ्याही रद्द होतात, तेव्हा हॅवलॉकहून एक दिवस आधी निघून ती रात्र श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला काढा.