सेटऑफ कुणाच्या खिशात?

घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ ला, सकाळी भाच्याचा फोन. "मामा, सिमेंटवरचा जीएसटी आजपासून अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. आता फ्लॅट स्वस्त होणार ना? बुकिंगला थांबू का थोडं?"

मी दुकानात पंख्यांचे खोके मोजत होतो. धनकवडीत माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. वायर, स्विच, बोर्ड, पंखे, एमसीबी. भाच्याला वाटतं मामाला जीएसटीतलं सगळं कळतं. कळतं ते एवढंच, की २०१७ साली हा कर आला तेव्हा मी एकाच वेळी दुकानदारही होतो आणि फ्लॅटचे हप्ते भरणारा गिऱ्हाईकही, आणि दोन्हीकडून ठेच खाल्ली. त्याला फोनवर अर्धवट सांगितलं. इथे सविस्तर लिहितो.

फ्लॅट आम्ही फेब्रुवारी २०१७ मध्ये बुक केला. करारनामा ४० लाखांचा. मुद्रांक शुल्क पाच टक्के आणि वर एलबीटीचा (स्थानिक संस्था कराचा) एक टक्का, असे २ लाख ४० हजार, नोंदणी फी ३० हजार. व्हॅटचा एक टक्का, म्हणजे ४० हजार, बिल्डरने करारनाम्याच्या वेळीच घेतला. सर्व्हिस टॅक्स साडेचार टक्के, तो प्रत्येक हप्त्याबरोबर. जूनपर्यंत १६ लाख गेले होते, त्यावर ७२ हजार सर्व्हिस टॅक्स.

जूनमध्ये बिल्डरच्या ऑफिसातून फोन सुरू झाले. "एक जुलैनंतर बारा टक्के लागणार, उरलेले सगळे आत्ताच भरून टाका, साडेचारात सुटाल." ऐकायला आपलेपणाचं वाटतं. पण बँक स्लॅबप्रमाणे पैसे सोडते. सातवा मजला हवेत असताना त्याचे पैसे ती देणार नाही. आणि माझ्याकडे २४ लाख रोख असते तर मी कर्ज कशाला काढलं असतं? १५ जूनला केंद्राच्या अबकारी खात्याने पत्रक काढलं, की असं सांगून आगाऊ पैसे मागणं बरोबर नाही, बांधकामाच्या मालावरच्या कराचा सेटऑफ (खरेदीवर भरलेला कर आपल्याला भरायच्या करातून वळता करून घेणं) बिल्डरला पूर्ण मिळणार आहे आणि तो फायदा त्याने गिऱ्हाइकाला द्यायचा आहे. ते पत्रक छापून मी ऑफिसात घेऊन गेलो. तिथल्या मुलीने त्याची झेरॉक्स काढून घेतली आणि "सरांना दाखवते" म्हणाली. सर काही भेटले नाहीत.

आता हिशेब बघा. उरलेल्या २४ लाखांवर जुन्या दराने १ लाख ८ हजार झाले असते. बारा टक्क्यांनी २ लाख ८८ हजार. फरक १ लाख ८० हजार. (खरा दर अठरा, पण एक तृतीयांश रक्कम जमिनीची धरून सोडायची, म्हणून बारा.) मुद्रांक शुल्क मात्र होतं तिथेच. "एक देश एक कर" या घोषणेत सब-रजिस्ट्रारचं ऑफिस येत नाही, हे पुष्कळांना दस्ताच्या दिवशीच कळलं.

सरकारची बाजूही सांगतो, कारण ती अगदीच खोटी नव्हती. जुने साडेपाच टक्के हे नुसते दिसणारे होते. सिमेंटवर एक्साइज, व्हॅट, स्टीलवर तेच, ते सगळं बिल्डर फ्लॅटच्या भावात मुरवायचा. जीएसटीत तो कर त्याला परत वळता होणार, म्हणून त्याने मूळ भाव खाली आणायचा. कागदावर गणित बसतं. पण भाव खाली आणणार तो बिल्डर, आणि त्याच्या खरेदीची बिलं बघणार आपण? कशी?

याच गणिताची दुसरी बाजू मी दुकानात भोगत होतो.

जीएसटी आला तेव्हा माझी उलाढाल साठ-बासष्ट लाखांच्या आसपास. ७५ लाखांच्या आत असेल तर कंपोझिशन, म्हणजे लहान दुकानदारांची सोपी योजना, घेता येत होतं: उलाढालीच्या एक टक्का भरा, तीन महिन्यांनी एकदा रिटर्न, संपलं. उलट रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या नोंदणीत महिन्याला रिटर्न, आणि ते जीएसटीचं पोर्टल. आमच्या सीए साहेबांनी विचारलं, "तुमचा माल जास्त कुणाला जातो?" मी म्हटलं, "सगळ्यांनाच." हे उत्तर मी नीट विचार करून दिलं असतं तर पुढचं टळलं असतं. मी कंपोझिशन घेतलं. नियमाप्रमाणे दुकानाबाहेर पाटी लावली, की आम्ही कंपोझिशनवाले आहोत. बिलावरही तेच छापायचं, आणि कर वेगळा दाखवायचा नाही.

घरातला पंखा बदलायला येणाऱ्या काकूंना याने काही फरक पडत नाही. पण माझ्या धंद्यातला निम्मा माल जायचा लहान काँट्रॅक्टरांना, जे सोसायट्या आणि बिल्डरांची वायरिंगची कामं घेतात. ऑगस्टमध्ये त्यातला एक, बारा वर्षांचा जुना, वायरची नव्वद मीटरची चाळीस बंडलं मागायला आला आणि बिल हातात घेऊन उभाच राहिला. "शेठ, यात माझा सेटऑफ कुठंय?"

नव्हताच. मी घाऊक बाजारात, तपकीर गल्लीत, वायर घेताना २८ टक्के भरत होतो. ते मला वळते होत नव्हते, आणि पुढे त्यालाही देता येत नव्हते. माझ्या भावात ते मुरलेले. तो रेग्युलर दुकानातून घेतो तेव्हा त्याला तेवढी रक्कम परत मिळते, माझ्याकडून घेतो तेव्हा ती बुडते. म्हणजे माझा माल त्याला, भाव तोच असला तरी, अठ्ठावीस टक्के महाग. त्याने ती बंडलं समोरच्या दुकानातून घेतली. मला राग आला, पण त्याचं चुकलं असं म्हणता येईना, कारण त्याच संध्याकाळी मी स्वतः बिल्डरला हाच प्रश्न विचारणारं पत्र लिहीत होतो: माझा सेटऑफ कुठंय?

मग आला नोव्हेंबर. जीएसटी कौन्सिलच्या गुवाहाटीच्या बैठकीत पावणेदोनशेवर वस्तू २८ वरून १८ वर आणल्या, १५ नोव्हेंबरपासून. वायर, स्विच, पंखे, प्लायवूड, फर्निचर, सगळं त्यात. पेपरात आनंदीआनंद. माझ्या गोडाऊनमध्ये तीन लाखांचा माल पडलेला, ८४ हजार कर भरून आणलेला. शेजारचा रेग्युलर दुकानदार त्याचे २८ टक्के सेटऑफमध्ये घेऊन बसला होता, त्याने पंधरा तारखेपासून अठराच्या भावाने विकायला सुरुवात केली. मलाही विकावं लागलं. भरलेले ८४ हजार आणि अठराने होणारे ५४ हजार, यांतले ३० हजार माझ्या खिशातून. कर कमी झाला म्हणून तोटा झालेला माणूस बघायचा असेल तर माझ्याकडे या. बायको म्हणाली, "स्वस्ताई आली आणि तुम्ही तोंड पाडून बसलात."

एप्रिल २०१८ पासून मी कंपोझिशन सोडलं. बिलाचं सॉफ्टवेअर घेतलं, सीएची फी वार्षिकची मासिक झाली, एक मुलगा दुपारी दोन तास नोंदी करायला येऊ लागला. वीस तारखेला पोर्टल असं अडकायचं की रात्री साडेअकराला ओटीपीची वाट बघत जेवलो आहे. पुढे आणखी एक काटा निघाला: घाऊकवाल्याने त्याच्या रिटर्नमध्ये माझं बिल चढवलं नाही तर माझा सेटऑफ अडकतो. माल फळीवर, पैसे दिलेले, पक्कं बिल फाइलीत, पण पोर्टलवर दिसत नाही म्हणजे नाही. दुसऱ्याने रिटर्न भरावं म्हणून मी फोन करत बसायचं, हा प्रकार व्हॅटच्या शेवटच्या वर्षांतही थोडाफार होता, आता तो रोजचा झाला. गेलेल्या काँट्रॅक्टरांपैकी निम्मे परत आले. बारा वर्षांचा जुना आला नाही. समोरच्याने त्याला तीस दिवसांची उधारीही देऊ केली होती.

फ्लॅटच्या आघाडीवर त्याच बिल्डिंगमधले आम्ही चौदा जण व्हॉट्सॲपवर जमलो. २०१८ च्या जानेवारीत आमच्यातल्या काहींना आठ टक्क्यांचा दर लागू झाला, पंतप्रधान आवास योजनेच्या व्याज सवलतीत बसत होते म्हणून. मी बसलो नाही. वडिलांच्या माघारी गावचं पक्कं घर माझ्या नावावर लागलेलं. असो. बाकीच्यांनी जीएसटी कायद्याचं कलम १७१ शोधून काढलं: सेटऑफचा फायदा भावात दिला नाही तर नफेखोरी, तक्रार करता येते. तक्रारीचा मसुदा बिल्डरला दाखवला. दाखवल्यावर सर भेटले. चहा झाला. चार महिन्यांनी प्रत्येकाला चौरस फुटाला साठ रुपयांची क्रेडिट नोट आली. माझे साडेसहाशे फूट, म्हणजे ३९ हजार. हा आकडा कुठून काढला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला तपासता आलं नाही. काही जण म्हणाले लढू. मी थकलो होतो, सही केली.

सगळ्यात गंमत पुढची. २०१९ मध्ये आमच्या बिल्डिंगला कंप्लीशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळालं आणि नंतर पाचव्या मजल्यावर एक कुटुंब आलं. तयार फ्लॅट, म्हणून जीएसटी शून्य. लिफ्टमध्ये त्यांनी हे मला कौतुकाने सांगितलं. मग भाव विचारला, तर फुटाला माझ्यापेक्षा साडेसातशे जास्त. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे.

१ एप्रिल २०१९ पासून नियम बदलला. बांधकाम चालू असलेल्या नव्या प्रकल्पातल्या घरावर पाच टक्के, परवडणाऱ्या घरावर एक टक्का, आणि बिल्डरला सेटऑफ नाही. म्हणजे आमच्या त्या भांडणाची जागाच काढून टाकली. सिमेंटचे २८ टक्के बिल्डर भरत होता आणि ते फ्लॅटच्या भावात मुरत होते, जुन्या एक्साइजसारखेच. आता ते १८ झाले. किती वाचतील? बांधकामवाल्यांचा ठोकताळा असा, की बांधीव चौरस फुटाला साधारण ०.४ पोतं. हजार फुटांना चारशे पोती. करापूर्वीची किंमत ३०० धरली तर पोत्यामागे ३० रुपये कमी. एकूण १२ हजार. आणि काम मालासकट काँट्रॅक्टरला दिलं असेल, तर तो सिमेंटचा सेटऑफ स्वतः घेतो आणि बिल्डरला पूर्ण कामावर १८ टक्के लावतो. तिथे कराच्या बाजूने फार काही हलत नाही. वायर आणि स्विच आधीपासून १८ वरच आहेत. पन्नास लाखांच्या घरात हे बारा हजार बिल्डर तुला वेगळे काढून देईल, अशी आशा असेल तर थांब, असं मी भाच्याला म्हटलं. कलम १७१ खाली नवीन तक्रारी घेणं १ एप्रिल २०२५ पासून बंद झालंय, हेही सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे विचारायलाही कुणी नाही?"

त्यापेक्षा मी त्याला कोटेशन पाठवायला सांगितलं, आणि तिथे खरी गोष्ट सापडली. फ्लॅट ४३ लाख ५० हजार. पार्किंग आणि डेव्हलपमेंट चार्जेस मिळून २ लाख. एकूण साडेपंचेचाळीस, त्यावर जीएसटी पाच टक्के, २ लाख २७ हजार ५००. आता परवडणाऱ्या घराची व्याख्या अशी: किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९० पर्यंत. या यादीत मुंबईचा सगळा महानगर प्रदेश महानगर आहे, पुणे नाही. (पुणेकरांनी महानगर नसल्याचा आनंद मानावा असा हा एकमेव प्रसंग.) त्याचं कार्पेट ५८ मीटर. म्हणजे क्षेत्रफळात बसतो, किंमतीत ५० हजारांनी घसरतो, कारण त्या ४५ लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट सगळं धरतात. बिल्डरने पन्नास हजार कमी केले तर कर एक टक्का, ४५ हजार. पन्नास हजारांच्या मुद्दलासाठी तो १ लाख ८२ हजार ५०० जास्तीचा कर भरायला निघाला होता. ४५ लाखांची ही रेघ २०१९ पासून तिथेच आहे. फ्लॅटचे भाव तेव्हापासून कुठे गेले ते मी सांगायला नको, त्यामुळे रेघेच्या आसपासचे असे फ्लॅट आता शहराच्या कडेलाच सापडतात. त्याचाही आंबेगावच्या पुढे आहे.

"जा आणि एकच वाक्य बोल," मी म्हटलं, "एकूण पंचेचाळीस करा, आत्ता सही करतो."

परवा त्याचा फोन आला. आवाज खुशीत. "मामा, ऐकले ते. करारनामा ४३ लाख ५० हजारांचाच करणार, एक टक्क्यात बसवून देतो म्हणाले."

"आणि पार्किंगचे दोन लाख?"

"ते वेगळे द्यायचे. रोख."

"पावती?"

थोडा वेळ काही नाही. मग, "ते मी विचारलं नाही."

शनिवारी दुकान दुपारी बंद ठेवून त्याच्याबरोबर जाणार आहे.