काकीच्या खोपीतली गांधीलमाशी: नवी प्रजाती ठरवताना आलेला माझा अनुभव

नवी प्रजाती म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुठल्या जंगलात सापडली?’ आमची सापडली जळाऊ लाकडांच्या खोपीत. राजापूरकडे काकीचं घर आहे. मागच्या खोपीत वाशांच्या बेचक्यात आणि चिऱ्याच्या भिंतीवर मातीच्या छोट्या कुप्या एकाला एक चिकटून बसलेल्या होत्या.

‘दरवर्षी झाडूनं पाडते मी. तुला हवी तर घेऊन जा, जागा तरी साफ होईल,’ काकी म्हणाली.

कोकणातल्या घरात मातीचं घरटं दिसलं की ते कुंभारणीचं, असं आपण धरून चालतो. कुंभारीणही कोळीच भरते, पण एकेका कप्प्यात बरेच. इथे एक कुपी फोडली तर आत एकच कोळी, तोही बिनपायांचा. पाय अगदी मुळाशी छाटलेले आणि पोटाला एक पांढरट अळी चिकटलेली. म्हणजे ही पॉम्पिलिडी कुळातली, कोळ्यांची शिकार करणारी गांधीलमाशी. मादी कोळ्याला डंख मारून लुळा करते, त्याच्यावर एक अंडं घालते आणि कुपी बंद करते. कोळी जिवंत राहतो, म्हणून अळीला ताजं अन्न मिळतं. एका पिल्लाला एक कोळी, असा सरळ हिशोब. जगात या कुळाच्या सुमारे 5,000 प्रजाती ठाऊक आहेत. त्यातल्या पुष्कळ जमिनीत बीळ करतात. मातीच्या कुप्या बांधून कोळ्याचे पाय छाटणारी म्हटल्यावर ऑप्लोपस ही जीनस (कुळाच्या आतला जवळच्या प्रजातींचा गट) लगेच डोळ्यांसमोर आली.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. उरलेल्या कुप्या न फोडता घरी आणल्या, होमिओपॅथीच्या काचेच्या बाटल्यांत एकेक ठेवली आणि तोंडाला कापसाचा बोळा लावला. पावसाळ्यात बुरशीनं काही गेल्या. बाकीच्यांतून माश्या बाहेर आल्या, नर आणि मादी दोन्ही. हे फार महत्त्वाचं होतं. या कुळात नर आणि मादी दिसायला इतके वेगळे असू शकतात की जाळीनं पकडलेल्या नराची मादी कोणती, हे सांगता येत नाही. आमच्याकडे एकाच घरट्यातली भावंडं होती, त्यामुळे तो वाद सुरुवातीलाच मिटला.

ओळख पटवण्याचा पहिला टप्पा सोपा असतो. छातीच्या बाजूला तिरकी, सरळ खाच दिसली की कूळ पक्कं. मादीच्या पोटाखाली दुसऱ्या खंडावर आडवी चर, म्हणून पेप्सिनी हे उपकुळ. मग मायक्रोस्कोपखाली मादी उलटी धरली. जबड्याच्या खालच्या बाजूला राठ, पुढे वळलेल्या केसांचा झुपका होता. हीच तिची ‘दाढी’, चिखलाची गोळी वाहून न्यायला. पोटाच्या टोकाला शेवटचा खंड वरून सपाट आणि घोटलेला, गवंड्याच्या थापीसारखा. ओली माती त्यानं लिंपायची. माशी जेमतेम 9 मिलीमीटर लांब, आणि तिच्या अंगावर गवंडीकामाची सगळी हत्यारं. माझ्यासोबत या कामात असलेल्या सरांना मी हाक मारून बोलावलं तेव्हा तेही बराच वेळ डोळा काढेनात.

जीनस ठरली. यानंतर जे सुरू झालं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी घरटी काकीच्या झाडूच्या स्वाधीन केली असती.

‘नवी’ म्हणायचं तर आजवर कुणीही वर्णन केलेली ही नाही, हे दाखवावं लागतं. भारतातल्या या माश्यांसाठी आजही हाताशी लागतं ते बिंगहॅमचं 1897 सालचं पुस्तक, ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा पहिला खंड. बिंगहॅम ब्रह्मदेशात नोकरीला होता, त्यामुळे तिकडचे नमुने त्यात भरपूर. त्याच्या आगेमागे पीटर कॅमेरॉन या ब्रिटिश कीटक-अभ्यासकानं ढिगानं प्रजाती लिहून ठेवल्या, खासी टेकड्यांतल्या तर विशेषच. वर्णनं कशी? ‘काळी, पंख धुरकट, पाय तांबूस, डोक्यावर चंदेरी लव.’ अशा चार ओळींत आमची माशी बसते आणि इतर दहाही बसतात.

त्यात आणखी एक मेख. तेव्हा या माश्या ‘स्यूडाजेनिया’ नावाखाली छापल्या गेल्या आणि ते नाव स्त्रीलिंगी. ऑप्लोपस पुल्लिंगी. प्रजातीचं नाव विशेषण असेल तर जीनस बदलली की त्याचा शेवटही बदलतो. म्हणजे एकच माशी दोन स्पेलिंगांनी शोधायची. कित्येक संध्याकाळी याच यादीत गेल्या. कॅमेरॉनबद्दल त्या काळात माझं मत फार चांगलं नव्हतं, आणि ते अजून पूर्ण सुधारलेलं नाही.

वर्णनावरून उलगडा होत नाही तेव्हा टाइप बघायचा, म्हणजे ज्या नमुन्यावरून ते नाव दिलं तोच कीटक. कॅमेरॉनचे बरेच टाइप लंडन आणि ऑक्सफर्डच्या संग्रहालयांत आहेत. काहींचे फोटो आधीच ऑनलाइन होते, काही क्युरेटरनी विनंतीवरून काढून पाठवले. एका टाइपची टाचणी चढत्या हिरव्या गंजानं फुगली होती, पण चेहरा शाबूत होता.

इथे सरांचं एक वाक्य कामी आलं: ‘रंग सांगू नकोस, खोदकाम सांग.’ पायांचा रंग एकाच घरट्यातल्या बहिणींतही थोडा फरकाचा निघाला. खोदकाम मात्र सगळ्यांचं सारखं. छातीच्या मागच्या उतारावर, प्रोपोडियमवर, आडव्या सुरकुत्या आहेत की बारीक दाणे? तोंडावरच्या क्लायपिअस या पट्टीची कड सरळ आहे की मधे पुढे आलेली? वरच्या तीन साध्या डोळ्यांपैकी मागच्या दोघांमधलं अंतर किती आणि तिथून मोठ्या डोळ्यापर्यंतचं किती? आमच्या माश्यांचा उतार आडवा सुरकुतलेला, आणि सगळ्यात जवळच्या जुन्या प्रजातीच्या टाइपवर नुसते दाणे. नराच्या जननांगांतही फरक निघाला. ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून बाहेर काढायची आणि ग्लिसरीनच्या इवल्याशा नळीत घालून त्याच टाचणीला लावायची. हे काम ज्याला करायचंय त्यानं आधी चहा पिऊ नये, हात थरथरतो.

नर आणि मादी दोघांचा एकेक पाय डीएनएसाठी दिला. प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचून मिळाला, पण शेजारी ठेवायला भारतातल्या माश्यांच्या नोंदी तुरळक. त्यामुळे नर आणि मादी एकच, एवढंच त्यानं पक्कं केलं. आमचा लेख तपासणाऱ्या परीक्षकांपैकी एकाला यापेक्षा जास्त हवं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या टाइपचा पाय आम्ही मागू शकत नाही, हे त्यांना सविस्तर लिहून कळवलं. त्यांनी मान्य केलं, आणि जाता जाता प्रोपोडियमचा फोटो पुन्हा काढायला लावला. त्यांचं बरोबर होतं, नवा फोटो कितीतरी स्पष्ट आला.

लिहिण्याचं काम त्यामानानं कोरडं. एक मादी होलोटाइप, म्हणजे नाव जिच्यावर टेकतं तो मुख्य नमुना, तिला लाल लेबल. बाकीची भावंडं पॅराटाइप, म्हणजे जोडीचे नमुने. होलोटाइप कुठल्या संग्रहात राहणार हे लेखात लिहिणं नियमानं बंधनकारक आहे, आणि आपल्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचे नमुने अधिकृत संग्रहालयात द्यावे लागतात. आमचे पुण्यात आकुर्डीला, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात. लेख ऑनलाइन छापायचा तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करून तिचा क्रमांक लेखात द्यावा लागतो.

नाव ठेवताना घरात चर्चा झाली. स्वतःचं नाव द्यायला नियम आड येत नाही, पण शोभत नाही. काकीला विचारलं तर म्हणाली, ‘माझं नाव डंख मारणाऱ्या माशीला? नको गं बाई.’ शेवटी गावाच्या नावाला ‘एन्सिस’ लावलं. पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हींना हा शेवट चालतो, त्यामुळे उद्या कुणी जीनस बदलली तरी शेपूट बदलायला नको. कॅमेरॉनच्या यादीनं दिलेला हा धडा म्हणा.

पूर्ण नाव इथे लिहीत नाहीये. वर्णनाआधी नुसतं नाव कुठे छापून आलं तर ते ग्राह्य धरत नाहीत, पण पुढच्या माणसाला त्याचा माग काढत बसावं लागतं, आणि असा माग मी स्वतः पुरेसा काढला आहे. प्रूफ तपासून परत पाठवलंय. खोपीतली घरटी पाडू नकोस, एवढं काकीला सांगून ठेवलंय. तिचं म्हणणं, मग गणपतीच्या साफसफाईला तूच ये.