ट्रॉम्सोचं दगडफूल, लालबागची गच्ची

मे महिन्यात लालबागला मसाला करायला जायचं नाही, असं दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी जाते. यंदाही डोंबिवलीहून स्लो लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून, मांडीवर पिशव्या घेऊन करी रोडला उतरले तेव्हा कुर्ता पाठीला चिकटला होता. आईच्या मते गाडीला गर्दीच नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही दोघी नॉर्वेत ट्रॉम्सोला होतो. त्यावर लिही म्हणून बरेच जण मागे लागलेत. तर, नॉर्दर्न लाइट्स चारपैकी एकाच रात्री दिसले, बाकी नुसते ढग. टूरवाल्यांनी भारतीय जेवण म्हणून रोज राजमा वाढला. झालं प्रवासवर्णन. रेनडिअरच्या कुंपणातला अर्धा तास तेवढा लक्षात राहिला, आणि तोही नीट कळला लालबागला आल्यावर.

दुकानदाराने आईपुढे दगडफुलाची मूठ ठेवली. एका अंगाने राखाडी, दुसऱ्या अंगाने काळं, कडा वळलेल्या. जळक्या कागदाचे तुकडेच जणू. आईने हुंगलं, चुरगळलं आणि भाव पाडायला म्हणाली, "माल ओला आहे."

"उत्तराखंडचा आहे मावशी, हात लावून बघा तरी."

आई माझ्याकडे वळली. "तिकडे ती हरणं खात होती ना, त्याचाच हा भाऊ."

खरंच की. तिथल्या गाइडने, तो सामी या उत्तरेकडच्या मूळनिवासी समाजातला, आमच्या तळहातावर एक फिकट, पोवळ्यासारखे फाटे फुटलेला झुपका ठेवला होता. दिसायला वेगळा, पण जात तीच, लायकेन. म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. मुळं नाहीत, पाणी मिळेल तेवढं पाऊस-धुक्यातून. वाळलं की निपचित पडतं, भिजलं की काही मिनिटांत जागं होतं. पारा शून्याखाली गेला तरी अन्न तयार करू शकतं. वाढतं मात्र वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. रेनडिअरनी चरून साफ केलेला माळ पुन्हा भरायला दशकं जातात.

आर्क्टिक 1979 पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय, हे मी विमानात वाचून ठेवलं होतं. शायनिंग मारायला गाइडला विचारलं, "उष्णतेने मरत असेल ना हे?"

तो म्हणाला, "उष्णतेपेक्षा शेजाऱ्यांनी मरतं."

ऊब वाढली की खुजे बर्च आणि विलोची झुडपं फोफावतात. त्यांची सावली पडते, वर पाचोळा साचतो आणि खालच्या लायकेनचं ऊन जातं. उंच होणं त्याच्या अंगातच नाही. शिवाय फिकट लायकेन बरंच ऊन परत फेकतं, गडद झुडपं ते शोषून घेतात, म्हणजे जमीन आणखी तापणार. भर हिवाळ्यात पाऊस पडला तर तो गोठून बर्फावर काचेसारखा थर धरतो. मग खाली चारा असूनही जनावराला खुराने उकरता येत नाही आणि विकतचा खुराक घालावा लागतो. आमच्या हातातल्या बादलीत तसल्याच गोळ्या होत्या. मी तेव्हा रेनडिअरबरोबर सेल्फी काढत होते.

दगडफूल अखेर दुकानदाराच्याच भावाने घेतलं. मिरच्यांना ऊन दाखवायला मावशीच्या चाळीच्या गच्चीवर गेलो. जुन्या चादरीवर बेडगी आणि संकेश्वरी पसरली, तिघी शिंकून बेजार. पूर्वी या गच्चीवर संध्याकाळपर्यंत ऊन असायचं. आता पश्चिमेला गिरणीच्या जागेवर टॉवर उभा आहे. जेवून जरा आडवी होत होते, तेवढ्यात मावशी ओरडली, "उठा गं, सावली आली!"

चादरीची चार टोकं धरून आम्ही मिरच्या पूर्वेला सरकवल्या. अर्ध्या तासाने पुन्हा. तिसऱ्यांदा चादर कठड्याला टेकली. मावशीने वर त्या काचेच्या खिडक्यांकडे बघून एक शिवी घातली, ती इथे लिहीत नाही.

मिरच्या गोळा करून डंकावर नेल्या. डंकवाल्याने एक मिरची हातात घेऊन मोडली. ती तुटली नाही, नुसती वाकली.

"अजून ऊन पाहिजे होतं, काकी."

"आणून दे," आई म्हणाली.